गोकाकची गिरणी : विजेच्या आधीचा दोर

बेळगाव-निपाणीकडची मंडळी पावसाळ्यात गोकाकचा धबधबा बघायला जातातच. घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते, झुलत्या पुलावर फोटो निघतात, येताना करदंट घेतला की सहल पुरी. काठावरच्या सूतगिरणीबद्दल मात्र एकच वाक्य फिरत असतं : १८८७ साली आशियातली पहिली वीज इथं तयार झाली. माझा आक्षेप या वाक्यावर आहे.

कंपनी १८८५ सालची. नाव ‘गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. यातल्या ‘पॉवर’चा अर्थ पाण्याची ताकद. त्यात वीज शोधतो ते आपण, आजच्या सवयीनं. सुरुवातीची योजना वेगळीच होती. पाणी काठावरून नळांनी दरीत उतरवायचं, तिथं टर्बाइन फिरवायचं आणि ते फिरणं तारेच्या दोरांनी, मोठ्या चाकांवरून, वर गिरणीत आणायचं. त्यावर चात्या फिरायच्या.

दिवे लावणं वेगळं आणि अख्खी गिरणी विजेवर चालवणं वेगळं. १८८७ मध्ये ते तंत्र जगातच बाल्यावस्थेत होतं. दार्जिलिंगचं जलविद्युत केंद्र १८९७ चं, आपल्या कर्नाटकातलं शिवनसमुद्राचं १९०२ चं. दोर आणि वीज यांची गल्लत केली की ‘पहिली’चा मान मिळतो खरा, पण गिरणी कळत नाही.

एवढा कीस कशाला, असं कुणी म्हणेल. तर कारण असं, की या वाक्यामुळे आपण बघतो ते चुकतं. गोकाकचं वास्तुशिल्प एका इमारतीत मावत नाही. वर कड्यावर गिरणी, खाली दरीत टर्बाइनघर, मधे नळांची उतरण, आणि नदीच्या वरच्या अंगाला धुपदाळचा बंधारा. पावसात फुगणारी घटप्रभा उन्हाळ्यात रोडावते, म्हणून पाणी अडवणं भागच होतं. यातला एक दुवा काढला तर बाकीच्यांना अर्थ उरत नाही. शेजारचं चालुक्यकालीन महालिंगेश्वर मंदिर जपायला हवं, हे सगळ्यांना पटतं. दरीतला गंजका नळ आणि चाकाचा चौथरा मात्र भंगारच वाटतो.

वारसा म्हणून आधी जाईल ते हेच. म्हणून पुढच्या पावसाळ्यात पुलावर उभे राहाल तेव्हा धबधब्याकडे बघून झालं की जरा खालीही बघा. पाणी कुठून उतरलं आणि ताकद कुठून वर चढली, एवढं शोधलं तरी ‘पहिली वीज’ म्हणण्यापेक्षा जास्त इतिहास हाती लागेल.