कोणता सा?

पाश्चात्य स्वरलेखनातले ‘क्लेफ’ हे चिन्ह आपल्याकडे अनेकांना नुसती वेलबुट्टी वाटते. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थच किल्ली. जी क्लेफचे वेटोळे खालून दुसऱ्या रेषेभोवती पडते आणि ती रेषा ‘जी’ ठरते. एफ क्लेफचे दोन ठिपके चौथ्या रेषेला वरून-खालून धरतात; ती ‘एफ’ होते. म्हणून सर्वांत खालच्या रेषेवरचा तोच स्वर एका किल्लीने ‘ई’, तर दुसरीने ‘जी’.

आपल्या स्वरलिपीला किल्ली लागत नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. स्वराचे नाव अक्षरातच असते, इतपत ते खरे आहे. पण अक्षराच्या डोक्यावरचे टिंब भातखंडे पद्धतीत तार सप्तक दाखवते आणि पलुसकर पद्धतीत मंद्र. पद्धत न सांगता छापलेला एक ‘ग’ वाचकाला थेट दोन सप्तके चुकवू शकतो. म्हणजे किल्ली आपल्यालाही लागते. आपण ती गृहीत धरतो, एवढेच.

दुसरी किल्ली खुद्द षड्जाची. गायक पेटीवाल्याला ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ सांगतो, तेव्हा तो षड्जाची जागा ठरवतो. कागदावर मात्र हे सहसा उतरत नाही. रागाच्या बंदिशीचे त्यावाचून फारसे अडत नाही, कारण तिथे महत्त्व स्वरांमधल्या अंतरांना. पण तीच सवय लोकगीतांच्या संकलनात आली, की नुकसान होते.

यावर आक्षेप येईल की क्लेफ तरी खरी उंची कुठे सांगतो? बी-फ्लॅट ट्रम्पेटसाठी लिहिलेला ‘सी’ ऐकू येतो तो बी-फ्लॅट. आक्षेप रास्त आहे. तिथे लिहिलेला ‘सी’ जवळजवळ आपल्या सरकत्या ‘सा’सारखाच वागतो. फरक इतकाच, की वादकाच्या कागदावर ‘बी-फ्लॅट’ असे लिहिलेले असते, त्यामुळे खरा स्वर परत शोधता येतो.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 साली पुस्तकरूपाने आली. शब्द टिकले, म्हणून आज आपण ते वाचतो. पण जात्यावर बसलेल्या बाईचा आवाज खालच्या पट्टीत घुमत होता की वर चढत होता, हे शब्द सांगत नाहीत. आणि पट्टी न नोंदवलेली स्वरलिपीही सांगत नाही. पुढे कोणी तीच चाल ‘काळी पाच’मध्ये मंचावर गाईल आणि तेच मूळ ठरेल.

खान्देशात अहिराणी ओव्या आणि कानबाईची गाणी लिहून घेणाऱ्यांनी म्हणून पानाच्या माथ्यावर तीन गोष्टी लिहाव्यात : स्वरलिपीची पद्धत, पेटीवरची षड्जाची पट्टी सप्तकासह, आणि गाताना हाताला कोणते काम होते. चार-पाच शब्दांचेच काम आहे. पण गाणारी एकदा गेली, की ते शब्द कोणाला विचारणार?