कुंपणबंदीचे निवाडे आणि त्यांचें मौन
(एका इंग्रजी साधनवर्गाची चिकित्सा)

इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासाच्या साधनांत एन्क्लोजरच्या निवाड्यांइतकें नेटकें साधन क्वचितच सांपडेल. चर्मपत्रावरील वळणदार अक्षर, सोबत मोजणीचा नकाशा, प्रत्येक तुकड्याचें एकर, रूड व पर्च यांत दिलेलें क्षेत्र, तो ज्यास मिळाला त्याचें नांव, त्याच्या कोणत्या बाजूस कुंपण कोणीं घालावयाचें याची आज्ञा, आणि नव्यानें आंखलेल्या रस्त्यांची रुंदी. असा कागद हातीं आल्यावर संशोधकाचें मन लुब्ध न झालें तरच नवल. तो अस्सल आहे, समकालीन आहे, सहीशिक्क्याचा आहे आणि कायद्यानें प्रमाण ठरलेला आहे. परंतु ज्या साधनाचे गुण इतके उघड असतात त्याची चिकित्सा बहुधा कमी होते. या निवाड्यांच्या बाबतींतही तसेंच झालें, असें आमचें मत आहे. निवाडा हें मान्य झालेल्या हक्कांचें टिपण आहे. गांवांत चालू असलेल्या वहिवाटीचें नव्हे. हा भेद दृष्टीआड झाल्यामुळें, कुंपणबंदीनें गरिबांचें काय झालें या प्रश्नाचीं चांगल्या चांगल्या पंडितांनीं दिलेलीं उत्तरेंही एकांगी झालीं आहेत.

प्रथम मूळ विषयाची ओळख करून देणें अवश्य आहे. मध्य इंग्लंडांतील पुष्कळ गांवांत शेतकऱ्यांच्या जमिनी एका ठिकाणीं नसून मोठमोठ्या मोकळ्या वावरांत लांबट पट्ट्यांच्या रूपानें विखुरलेल्या असत. पीक निघाल्यावर तेंच वावर हक्कदारांच्या गुरांस चरावयास मोकळें होई. याखेरीज गांवाभोंवतीं पडीक रान असे. तेथें गाय चारणें, सरपण तोडणें, जळणासाठीं माती-गवताचीं ढेपें काढणें हे व्यवहार सामाईक चालत. या सर्व जमिनीचे नव्यानें तुकडे पाडून, प्रत्येक तुकडा एका मालकाच्या पूर्ण ताब्यांत देऊन त्यास कुंपण घालणें म्हणजे एन्क्लोजर. यास आम्ही कुंपणबंदी म्हणतों. परस्पर करारानें ही गोष्ट कित्येक शतकें होतच होती. पुढें, विशेषतः अठराव्या शतकाच्या मध्यानंतर, ती पार्लमेंटच्या स्वतंत्र कायद्यांनीं होऊं लागली. १६०४ पासून १९१४ पर्यंत असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि त्यांखालीं सुमारें ६८ लक्ष एकर, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्राच्या पांचव्या हिश्शाहून किंचित् अधिक, जमीन आली. या कायद्यांस दोनदां मोठी भरती आली. एकदां १७६० ते १७८० च्या सुमारास, आणि दुसऱ्यांदां फ्रान्सशीं युद्ध चालू असतां, १७९३ ते १८१५ या काळांत.

निवाडा तयार कसा होई हें कळल्यावांचून त्यांतील मौनाचें कारण कळावयाचें नाहीं. गांवांतील प्रमुख मालक पार्लमेंटकडे अर्ज करीत. १७७४ पासून असा नियम झाला कीं, अर्जाची सूचना ऑगस्ट वा सप्टेंबर महिन्यांतील तीन रविवारीं पॅरिशच्या चर्चच्या दारावर लावावी. मालकांची संमति पाहिली जाई, पण डोकीं मोजून नव्हे, जमिनीच्या मूल्यावरून. तीनचतुर्थांश ते चारपंचमांश मूल्याचे धनी अनुकूल असले म्हणजे बहुधा काम भागे. यामुळें दोनतीन मोठे जमीनदार एका बाजूस आणि गांवांतील बहुसंख्य लहान मालक दुसऱ्या बाजूस असले तरीही विधेयक संमत होऊं शके. नंतर कमिशनर नेमले जात. ते बहुधा मॅनरचा धनी, दशांशाचा हक्कदार आणि इतर मालक यांच्या वतीचे असत. हे कमिशनर गांवच्या वा जवळच्या खाणावळींत बैठका भरवून ज्यांचा कांहीं हक्क असेल त्यांच्याकडून लेखी दावे मागवीत, मोजणी व किंमत ठरवून घेत, रस्ते आंखीत, आणि शेवटीं प्रत्येकाच्या वांट्याचा निवाडा लिहवीत. १८०१ च्या सर्वसाधारण कायद्यानें या कामांतील पुष्कळशीं कलमें सर्वत्र एकसारखीं केलीं. निवाड्याची एक प्रत काउंटीच्या दप्तरांत वा लंडनच्या एखाद्या न्यायालयांत दाखल होई आणि दुसरी पुष्कळदां पॅरिशच्या पेटींत राही.

येथें खरी मेख आहे. सामाईक रानावर दावा सांगावयाचा तर तो कायद्यास मान्य अशा आधारावर सांगावा लागे. आणि १६०७ सालच्या गेटवर्डच्या खटल्यांत न्यायालयानें असें ठरविलें होतें कीं, केवळ गांवचा रहिवासी एवढ्या नात्यानें कोणास सामाईक चराईचा हक्क सांगतां येत नाहीं. तो एखाद्या विशिष्ट घराशीं वा जमिनीशीं निगडित असला पाहिजे. म्हणजे पिढ्यान् पिढ्या रानांत गाय सोडणारा मजूर, त्याचें स्वतःचें हक्काचें घर नसेल तर, कमिशनरांपुढें उभाच राहूं शकत नव्हता. झोंपडीस हक्क असला तरी तो झोंपडीच्या मालकाचा. जमिनीचा तुकडा त्या मालकास मिळे. त्या झोंपडींत भाड्यानें राहून प्रत्यक्ष गाय पाळणाऱ्या कुटुंबाचें नांव निवाड्यांत येण्याचें कारणच नसे. शेतांतील सरवा वेंचून हिंवाळ्याची बेगमी करणाऱ्या बायकांची गोष्ट याहूनही निराळी. सरवा वेंचण्याचा सर्वसाधारण हक्क कायद्यास ठाऊक नाहीं, असें १७८८ च्या एका प्रसिद्ध खटल्यांत न्यायालयानें सांगून टाकिलें. जो हक्क कायद्यास ठाऊक नाहीं त्याची भरपाई निवाड्यांत कोठून येणार?

आपल्याकडील निवाडपत्रांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस हा फरक लगेच जाणवेल. आपल्या निवाडपत्रांत बहुधा दोन्ही पक्षांच्या तकरिरी उतरलेल्या असतात आणि हरलेला पक्ष यजितखत लिहून देतो; त्यामुळें त्याचें म्हणणें, निदान सारांशरूपानें, कागदावर राहतें. इंग्रजी कुंपणनिवाड्यांत हरलेला पक्ष मुळीं दिसतच नाहीं. नामंजूर झालेले दावे कमिशनरांच्या कच्च्या कागदांत असत, आणि ते कागद काम संपल्यावर त्यांच्या चिटणिसाकडे, म्हणजे बहुधा एखाद्या गांववकिलाकडे, पडून राहत. ते वांचले तर केवळ योगायोगानें.

आतां इतिहासकारांकडे वळूं. १९११ सालीं हॅमंड पतिपत्नींनीं खेड्यांतील मजुरांवर ग्रंथ लिहून कुंपणबंदी ही गरिबांची लूट होती असें आवेशानें मांडिलें. त्यांच्या ग्रंथावर पुढें जी प्रतिक्रिया झाली तिचा पाया दोन साधनांवर होता. पहिलें, पार्लमेंटकडे आलेले विरोधी अर्ज. डब्ल्यू. ई. टेट यांनीं १९४० नंतरच्या दशकांत हे अर्ज मोजले. ते थोडे आढळले, आणि त्यावरून विरोध फारसा नव्हता असा निष्कर्ष त्यांनीं काढिला. टेट यांचे श्रम अमोल आहेत. इंग्लंडच्या कायद्यांची व निवाड्यांची जी गांववार सूची आज अभ्यासकांच्या हातीं आहे ती मुख्यतः त्यांची. पण या अनुमानांत दोष आहे. अर्ज करावयाचा म्हणजे लंडनपर्यंतचा खर्च आणि वकिलाची फी. ती ज्यांस परवडे तेच विरोधी म्हणून नोंदले गेले. शिवाय १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं पार्लमेंटच्या इमारतीस लागलेल्या आगींत कॉमन्स सभेचे बहुतेक मूळ कागद जळून गेले. त्या अर्जांचा जो गोषवारा छापील नियतकार्यवृत्तांत उतरला तेवढाच आज उरला आहे. जे. एम. नीसन यांनीं १९८४ सालीं नॉर्दॅम्प्टनशायरच्या कागदांवरून दाखविलें कीं, विरोध होता, पण तो निराळ्या वाटांनीं चाले. विधेयकावर सही नाकारणें, धमकीचीं पत्रें, मोजणीच्या वह्या चोरणें, कुंपणें उपटणें. १७६५ सालीं वेस्ट हॅडन येथें चेंडूच्या सामन्याची जाहिरात वृत्तपत्रांत देऊन माणसें जमविलीं गेलीं आणि त्या जमावानें नवीं कुंपणें मोडून जाळिलीं. पार्लमेंटच्या दप्तरांत अशा विरोधास रकाना नाहीं.

दुसरें साधन जमीनकराच्या याद्या. जे. डी. चेंबर्स यांनीं १९५३ च्या आपल्या निबंधांत या याद्यांच्या आधारें असें मांडिलें कीं, कुंपणबंदीनंतर लहान मालक नष्ट न होतां कित्येक ठिकाणीं वाढले. आंकडा खोटा नाहीं. पण त्याचा अर्थ सावधपणें लाविला पाहिजे. झोंपडीच्या सामाईक हक्काच्या बदल्यांत ज्यास एक-दोन एकर मिळाले त्याचें नांव तेव्हांपासून करपत्रकांत येऊं लागलें. मनुष्य तोच, पूर्वी हक्कदार असून पत्रकाबाहेर होता, आतां पत्रकांत आला. यांत मालकांची वाढ किती आणि नोंदीची वाढ किती, हें वेगळें काढिल्याशिवाय सिद्धान्त उभा राहत नाहीं. शिवाय संख्या कायम राहिली म्हणून माणसें कायम राहिलीं असें होत नाहीं. एम. ई. टर्नर यांनीं १९७५ सालीं बकिंगहॅमशायरच्या याद्यांतील नांवें जुळवून पाहिलीं, तों कुंपणबंदीच्या सुमारास जुनीं नांवें जाऊन नवीं आल्याचें प्रमाण बरेंच मोठें आढळलें. कुंपणाचा आणि निवाड्याच्या खर्चाचा भार लहान तुकड्यावर एकरीं अधिक पडे; तो न सोसल्यामुळें विक्री झाली असणें अगदीं संभाव्य आहे.

एका गांवसमूहाचें उदाहरण घेतल्यानें हा मुद्दा स्पष्ट होईल. ऑक्सफर्डशायरमध्यें ऑटमूर नांवाचें सुमारें ४,००० एकरांचें पाणथळ रान सभोंवतालच्या सात वस्त्यांस सामाईक होतें. त्याचा कायदा १८१५ सालीं झाला व निवाडा १८२९ सालीं. निवाडा पाहिला तर काम संपलें असें वाटतें. परंतु रे नदीचा प्रवाह वळविल्यामुळें शेजारच्या शेतांत पाणी शिरलें, शेतकऱ्यांनीं बांध फोडिले, आणि त्यांजवर खटला झाला असतां १८३० सालीं ते निर्दोष सुटले. लोकांनीं त्याचा अर्थ असा घेतला कीं, सगळी कुंपणबंदीच रद्द झाली. ६ सप्टेंबर १८३० रोजीं सुमारें हजार माणसें ऑटमूरच्या जुन्या शिवेवरून फिरलीं व वाटेंतील कुंपणें त्यांनीं पाडिलीं. दंगलीचा कायदा वाचण्यांत आला, घोडेस्वार आले, आणि सुमारें ४० कैदी ऑक्सफर्डकडे नेण्यांत आले. तेथें सेंट जाइल्सची जत्रा भरली होती, तिच्यांतील जमावानें ते सर्व सोडविले. सरकारी पत्रांत यास दंगा म्हटलें आहे. पण शीव फिरणें ही त्या देशांत हक्क सांगण्याची जुनी, सर्वांस माहीत असलेली रीत होती. तसेंच, एका बाईनें जळती ओटची पेंढी हातीं घेऊन, ती विझण्यापूर्वीं घोड्यावरून जेवढ्या भूमीस फेरी घातली तेवढी या वस्त्यांस मिळाली, अशी कथा तेथें सांगतात. या कथेवरून दान सिद्ध होत नाहीं, हें उघड आहे. परंतु त्या लोकांची हक्काविषयींची समजूत तिच्यावरून सिद्ध होते, आणि निवाड्यांत ती समजूत कोठेंही आढळत नाहीं.

यावरून निवाडे पक्षपाती होते असें म्हणावयाचें नाहीं. ज्यांचे दावे मान्य झाले त्यांच्यांत कमिशनरांनीं वांटणी बहुधा काळजीपूर्वक केली, असें प्रतिपक्षाचे विद्वान् म्हणतात तें बव्हंशीं खरें आहे. हॅमंड यांच्या बाजूच्या लेखकांनीं उलट दिशेनें केलेली अतिशयोक्तिही तितकीच त्याज्य होय. कुंपणबंदीचा कट्टा पुरस्कर्ता आर्थर यंग याचें मत गरिबांच्या बाबतींत पालटलें. वीस विधेयकांपैकीं एकोणिसांत गरिबांचें नुकसान झालें, असें त्यानें १८०१ सालीं लिहिलें. हें वाक्य वारंवार पुढें केलें जातें. पण तें कळकळीचें उद्गारवाक्य आहे, मोजदाद नव्हे. साक्ष म्हणून त्याची किंमत मोठी, आंकडा म्हणून कांहींच नाहीं. वांटणी न्यायाची होती कीं नाहीं हा एक प्रश्न, आणि वांटणीच्या पंक्तीस कोणास बसूं दिलें हा दुसरा. निवाडा पहिल्याचें उत्तर देतो. दुसऱ्याचें देतो असें मानणें हीच मूळ चूक.

मग उपाय काय? निवाडा टाकावयाचा नाहीं, तो शेवटीं वाचावयाचा. आधीं मॅनरच्या न्यायसभेचे ठराव वाचावे. रानांत कोणीं किती गुरें सोडावीं याचे नियम व दंड तेथें आहेत, आणि दंड भरणाऱ्यांत निवाड्यांत न दिसणारीं नांवें भेटण्याचा संभव फार. मग वांचले असतील तर दाव्यांचे कागद, जमीनकराच्या याद्या नांवानिशीं, आणि पॅरिशच्या गरीबपोषणाचे हिशेब कुंपणबंदीपूर्वीचे व नंतरचे. नीसन यांचा १९९३ चा ग्रंथ आणि त्यापूर्वीं १९९० सालीं जेन हम्फ्रीज यांनीं गाय, सरपण व सरवा यांतून स्त्रिया आणि मुलें घरांत काय आणीत याचा केलेला विचार हीं या मार्गाचीं उत्तम उदाहरणें होत. हें काम कष्टाचें आहे आणि प्रत्येक पॅरिशपुरतें निराळें करावें लागतें; पण याहून जवळची वाट आम्हांस दिसत नाहीं.

कागद अस्सल असणें आणि तो पुरा असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीची परीक्षा आपण अक्षरावरून, शिक्क्यावरून व मितीवरून करितों. दुसरीची परीक्षा, तो कागद कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या कामासाठीं लिहिला गेला हें विचारूनच होते. १८२९ च्या निवाड्यांत ऑटमूरचा एकर न् एकर मोजलेला आहे. पण दुसऱ्या वर्षीं शीव फिरलेल्या त्या हजारांतील बहुतेकांस त्यांत एक ओळही मिळालेली नाहीं. त्यांचा हिशेब इतर दप्तरांतून लावणें हें संशोधकाचें काम आहे.