मदत घरची की बाहेरची?

संगणकाच्या कळफलकावर वरच्या ओळीत, डाव्या बाजूला एफ-१ ही कळ असते. काम अडले की ती दाबावी आणि मदतीचे पान उघडावे, असा जुना संकेत आहे. विद्यार्थी ती क्वचितच दाबतात; बाईंना किंवा सरांना हाक मारणे त्यांना सोपे वाटते. तरीही या कळीमागे काय दडले आहे, हे शिक्षकांनी एकदा तपासून पाहिले पाहिजे. गेल्या तीन दशकांत तिथली मदत हळूहळू संगणकातून उठून इंटरनेटवर राहायला गेली आहे.

युनिक्स या कार्यप्रणालीच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. पुढे ही पुस्तिका संगणकातच आली. आजही लिनक्सवर 'मॅन' हा शब्द आणि त्यापुढे आज्ञेचे नाव टंकले, की तिची माहिती पडद्यावर येते. आज्ञा आणि माहिती बहुधा एकत्रच बसवलेल्या असतात. त्यामुळे यंत्रावर जी आवृत्ती, तिचीच माहिती वाचायला मिळते. मात्र भाषा फार त्रोटक. जाणकाराला ती पुरते, नवख्याला नाही.

विंडोजची वाट वेगळी. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये मदतीची फाइल सॉफ्टवेअरबरोबरच येई. २००७ साली आलेल्या व्हिस्टामध्ये त्या जुन्या फाइली वाचणारा प्रोग्रॅम मुळात दिलेलाच नव्हता. म्हणजे फाइल घरात असूनही वाचता येईना! २०१५ च्या विंडोज १० मध्ये तर डेस्कटॉपवर एफ-१ दाबले की ब्राउझर उघडून इंटरनेटवर शोध सुरू होई.

इंटरनेटवरील मदतीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. चूक सापडली तर ती त्याच दिवशी दुरुस्त होते. संगणकात बसवलेली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत तशीच राहते. शिवाय सॉफ्टवेअरचा आकार कमी होतो. पण शाळेच्या दृष्टीने दोन दोष मोठे आहेत. पहिला उघड आहे: जोडणी नसेल तर मदत नाही. जोडणी का तुटली, हे सांगणारे पानही तेव्हा उघडत नाही. दुसरा दोष सहज लक्षात येत नाही. इंटरनेटवरचे पान पुष्कळदा नव्या आवृत्तीचे असते आणि शाळेतील सॉफ्टवेअर जुने. पानात सांगितलेला पर्याय विद्यार्थ्याला पडद्यावर सापडत नाही आणि आपलेच काही चुकले, असे त्याला वाटते. वाचून स्वतः शिकण्याची सवय लागण्याआधीच मोडते, ही हानी मोठी आहे.

लिबर ऑफिसने काढलेला मार्ग मला त्यातल्या त्यात समंजस वाटतो. मदतीचा संच यंत्रावर बसवलेला असेल तर एफ-१ दाबल्यावर तो उघडतो. नसेल तर इंटरनेटवरचे पान उघडते, आणि त्या पानाच्या पत्त्यात आवृत्तीचा क्रमांक असतो. उणीव एकच, पण महत्त्वाची. विंडोजसाठी हा संच वेगळा उतरवून घ्यावा लागतो. घाईत तो राहून जातो आणि जोडणी तुटेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही. जाडजूड सॉफ्टवेअर उतरवणाऱ्याला हा लहानसा संच जड झाला नसता. तो मुळातच जोडून द्यावा आणि ज्याला नको त्याने वगळावा, हे अधिक न्याय्य ठरले असते.

एक प्रयोग करून पाहा. संगणक-कक्षातील इंटरनेटची जोडणी काढा. रोज वापरात असलेले प्रत्येक सॉफ्टवेअर उघडून एफ-१ दाबा आणि काय दिसते ते विद्यार्थ्यांना वहीत नोंदवायला सांगा. जिथे पान उघडणार नाही, तिथे मदतीचा संच मिळतो का ते पाहून तो बसवून घ्या. मग पुढच्या तासाला हाक आली, की आधी विचारा, "एफ-१ दाबून पाहिलेस का?"