बेडसेचा अंतेवासी आणि अध्यापकाचा व्यावसायिक विकास : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाचा व्यावसायिक विकास हा विषय आपल्याकडे बहुधा सेवाशर्तींच्या अंगाने चर्चिला जातो. किती उद्बोधन वर्ग झाले, किती उजळणी वर्ग राहिले, स्थाननिश्चितीचा प्रस्ताव कधी दाखल करावयाचा, हे प्रश्न अध्यापक कक्षात वारंवार ऐकू येतात. ते रास्तही आहेत, कारण त्यांच्यावर अध्यापकाची वेतनश्रेणी अवलंबून असते. मात्र अध्यापक जे शिकून येतो त्याचे पुढे वर्गात काय होते, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात व्यावसायिक विकासाच्या उपलब्ध संधींची या एका प्रश्नाच्या आधारे चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्याला निमित्त झाले आहे ते मावळातील बेडसे लेण्यात घडलेल्या एका साध्या प्रसंगाचे.

बेडसे येथील प्रसंग

कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्याने खिंड ओलांडली की बेडसे गावाचा फाटा लागतो. गावामागच्या डोंगरात इ. स. पूर्व पहिल्या शतकातील चैत्यगृह आणि विहार आहे. कार्ले आणि भाजे येथे पर्यटकांची गर्दी असते; बेडसेला ती तुलनेने कमी. चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील उंच स्तंभ, त्यांच्या शिरोभागी असलेल्या प्राण्यांच्या व स्वारांच्या आकृती आणि मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेला, कमानदार छताचा विहार ही या लेण्याची वैशिष्ट्ये अभ्यासकांना परिचित आहेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत सुरू झाली आणि ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हा विषय वर्गात आला. मराठीचा अध्यापक म्हणून त्याच्या काही तासिका माझ्याकडे आल्या. पाठ्यघटक शिकविण्यापूर्वी विद्यार्थ्यांना जवळचे काही दाखवावे या हेतूने मी त्यांना बेडसेला नेले. विद्यार्थी पवन मावळातले, नाणे मावळातले. काहींनी हे लेणे लहानपणापासून पाहिलेले. व्हरांड्यातील एका खोलीच्या दाराजवळच्या अक्षरांवर बोट ठेवून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे काय लिहिलंय? आणि ही आपलीच भाषा का?”

मला उत्तर देता आले नाही. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत, एवढे मी सांगितले. वाचता मात्र एक अक्षर आले नाही. त्या वेळी माझ्या सेवापुस्तिकेत उद्बोधन वर्गाची नोंद होती, कार्यशाळांची प्रमाणपत्रे होती आणि भारतीय ज्ञान प्रणालीवरील एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचेही प्रमाणपत्र होते. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, त्याबद्दल महाविद्यालयातील कार्यक्रमात मी भाषणही केले होते. मराठीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून आपण प्राकृत शिलालेखांचा अभिमानाने उल्लेख करतो. तसाच एक लेख समोर असताना मी निरुत्तर होतो.

लेखांत काय आहे

पुढे शोध घेतल्यावर कळले की हे लेख वाचून छापले गेल्याला जवळजवळ दीड शतक होत आले आहे. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांच्या १८८१ सालच्या पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखसंग्रहात ते आहेत. त्या विद्यार्थिनीने दाखविलेला लेख नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक याच्या दानाचा आहे. पाण्याच्या टाक्याजवळचा लेख महाभोजाची कन्या सामडिनिका हिच्या दानाचा आहे. तिचा उल्लेख ‘महारठिनी’ असा केलेला आहे. तिसरा लेख एका लहान स्तूपाशी संबंधित आहे. गोभूति नावाच्या भिक्षूचा हा स्तूप त्याच्या शिष्याने करविला, असे त्यात नमूद आहे. शिष्यासाठी योजलेला शब्द आहे ‘अंतेवासी’, म्हणजे गुरूच्या निकट राहणारा. गोभूतीची ओळख अरण्यात राहणारा आणि भिक्षान्नावर निर्वाह करणारा अशी करून दिली आहे. त्याचे अधिकारपद सांगितलेले नाही, त्याची जीवनचर्या सांगितलेली आहे.

या लेखाचे भाबडे गौरवीकरण करण्याचा येथे हेतू नाही. विहार म्हणजे आजचे विद्यापीठ नव्हे आणि भिक्षूचा दिनक्रम पगारदार अध्यापकाला लागू करता येणार नाही. शिवाय ही व्यवस्था श्रेष्ठी आणि राजकुलातील दात्यांच्या आधारावर उभी होती, हे त्याच डोंगरावरचे इतर दोन लेख सांगतात. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गुरूच्या कार्याची साक्ष येथे शिष्याने दिली आहे. आजच्या व्यवस्थेत अध्यापकाच्या विकासाची साक्ष प्रमाणपत्र देते; विद्यार्थ्याला त्यात स्थान नाही. प्रस्तुत चिकित्सेचा गाभा हाच आहे.

संधींची वाटचाल

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘अकॅडमिक स्टाफ कॉलेज’ची योजना राबविली. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद येथील विद्यापीठांत अशी केंद्रे उभी राहिली. नवागत अध्यापकांसाठी चार आठवड्यांचे उद्बोधन वर्ग आणि विषयवार तीन आठवड्यांचे उजळणी वर्ग अशी त्यांची सर्वसाधारण रचना होती. या निवासी वर्गांविषयी ज्येष्ठ सहकारी आजही आत्मीयतेने बोलतात. व्याख्यानांपेक्षा त्यांना आठवतात त्या वसतिगृहातील रात्रीच्या चर्चा. गडचिरोलीचा अध्यापक आणि मुंबईचा अध्यापक एका खोलीत तीन आठवडे राहत, एकमेकांचे अभ्यासक्रम पाहत, पुस्तकांची नावे टिपून घेत. ‘अंतेवासी’ या शब्दातील सहवासाचा अंश त्या रचनेत होता.

पुढे या केंद्रांचे नामांतर मानव संसाधन विकास केंद्र असे झाले. डिसेंबर २०१४ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नावाने शिक्षक व शिक्षणविषयक राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०१८ मध्ये ‘स्वयम्’ या मंचावर ‘अर्पित’ हा ऑनलाइन उजळणी अभ्यासक्रम आला. २०२० च्या महासाथीत बहुतेक उपक्रम पडद्यावर गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मालवीय अभियानाखाली शिक्षक प्रशिक्षण केंद्रांची नवी रचना जाहीर झाली. संधींची संख्या वाढली, ही बाब निःसंशय स्वागतार्ह आहे. लहान मुलांची जबाबदारी असलेल्या अध्यापिकांना आणि कर्तव्य रजा सहज न मिळणाऱ्या अध्यापकांना ऑनलाइन वर्गांनी मोठा दिलासा दिला, हेही मान्य करावयास हवे. परंतु याच काळात सहवास कमी झाला. पडद्यावर उपस्थिती लागते, अभिप्राय भरला जातो, प्रमाणपत्र येते; मात्र शेजारच्या अध्यापकाची वही पाहावयास मिळत नाही.

मोजणी कशाची ?

२०१० च्या नियमावलीने अध्यापकाच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली. सहशालेय कार्य, विस्तारकार्य आणि व्यावसायिक विकास यांसाठी एक स्वतंत्र गट होता. त्या पद्धतीवर बरीच टीका झाली आणि २०१८ च्या नियमावलीत ती बदलली. तथापि मोजणीची मानसिकता बदलली नाही. साहाय्यक प्राध्यापकाला पुढील स्तरावर जाण्यासाठी पीएच. डी. असल्यास चार, एम. फिल. असल्यास पाच आणि दोन्ही नसल्यास सहा वर्षांची सेवा आवश्यक ठरली; त्यासोबत विहित दिवसांचे वर्ग आले. सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच. डी. अनिवार्य झाली. २०२२ च्या नियमावलीने एम. फिल. ही पदवीच बंद केली. ज्यांनी ती संशोधनाची पहिली पायरी म्हणून घेतली, त्यांच्या पायाखालची पायरी पुढच्यांसाठी उरली नाही.

दिवसांची अट घालण्यामागे एक प्रामाणिक हेतू आहे. काहीच अट नसेल तर शिकण्याला रजाही मिळणार नाही आणि निधीही मिळणार नाही. अडचण अशी, की जे दिवसांत मोजता येते तेच शिक्षण ठरू लागते. पुण्यात प्राचीन लिपी शिकविणारे वर्ग भरतात. एखाद्या मराठीच्या अध्यापकाने सहा महिने दर रविवारी लोकलने जाऊन ब्राह्मी शिकून घेतली, तर त्याच्या अध्यापनात निश्चित फरक पडेल. पण सलग पाच किंवा दहा दिवसांच्या चौकटीत हे शिक्षण सहज बसत नाही. उलट, विषयाशी दूरचा संबंध असलेला आठवडाभराचा ऑनलाइन वर्ग विनासायास बसतो. अशा वेळी अध्यापकाने कशाची निवड करावी, हे नियमच ठरवून टाकतात.

नॅकच्या मूल्यांकनातही अशा उपक्रमांत सहभागी झालेल्या अध्यापकांची संख्या विचारात घेतली जात आली आहे. त्यामुळे महाविद्यालयालाही संख्येची निकड असते. एकवीस दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण करून मी परतलो, तेव्हा कार्यालयाने प्रमाणपत्राच्या साक्षांकित प्रती मागितल्या. काय शिकलात, असे कोणी विचारले नाही. खरे तर मीही कोणाला कधी तसे विचारले नव्हते. दोष केवळ कार्यालयाचा नव्हे. तो आपल्या सर्वांच्या सवयीचा आहे.

जे मोजणीतच नाहीत

या चर्चेत एक मोठा वर्ग नेहमी सुटतो. महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत अनेक विभागांचे अध्यापन तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या बळावर चालते. त्यांना वेतनश्रेणी नाही, म्हणून स्थाननिश्चिती नाही. स्थाननिश्चिती नाही, म्हणून उजळणी वर्गाची निकड कोणालाच वाटत नाही. घेतलेल्या तासिकेचेच मानधन मिळत असल्याने प्रशिक्षणाला गेल्यास तेवढे उत्पन्न बुडते. व्यावसायिक विकास हा पदोन्नतीला जोडलेला असल्याचा हा थेट परिणाम होय. ज्याला पदोन्नती नाही त्याचा विकास व्यवस्थेच्या दृष्टीने अनावश्यक ठरतो. त्याच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र असा भेद करता येत नाही. त्याच्या दृष्टीने दोघेही ‘सर’ किंवा ‘मॅडम’च असतात.

मावळातील एक उदाहरण

स्वतःच्या विषयाची कुंपणे ओलांडून शिकत राहण्याचे उदाहरण शोधण्यासाठी मावळाबाहेर जावे लागत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गणिताचे अध्यापक. ते काही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. प्राचीन नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास करता करता ते इतिहासाकडे वळले आणि मावळातील लेणी, जुन्या वाटा, ग्रामदेवता यांचा पायी हिंडून त्यांनी शोध घेतला. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात त्या भटकंतीची फळे दिसतात. कोसंबींची प्रज्ञा असामान्य होती, हे खरे. परंतु व्यवस्था असामान्यांसाठी आखावयाची नसते. प्रश्न असा आहे, की सर्वसाधारण अध्यापकाला असे थोडे तरी हिंडण्याची, विचारण्याची, चुकण्याची सवड आपल्या संधींत आहे का ?

बेडसेचाच विचार करू. भूगोलाच्या अध्यापकाला येथे बेसाल्टचा थर आणि खोदीव टाक्यांतील जलसंधारण शिकविता येईल. वाणिज्याच्या अध्यापकाला नाशिकच्या श्रेष्ठीचे दान पाहून व्यापारी मार्गांची चर्चा करता येईल. इतिहासाच्या अध्यापकाला महारठिनी सामडिनिकेच्या लेखावरून स्त्रियांच्या दानाधिकाराचा प्रश्न उभा करता येईल. मराठीच्या अध्यापकाला ‘पुत’ पासून ‘पूत’ पर्यंतचा शब्दाचा प्रवास दाखविता येईल. तालुक्यातील महाविद्यालयांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन महिन्यातून एक दिवस असे काम केले, तर त्याला मोठा खर्च येत नाही. त्या दिवसाला मान्यता मात्र लागेल.

काही अपेक्षा

या अनुषंगाने पुढील अपेक्षा मांडाव्याशा वाटतात. पहिली, सलग दिवसांऐवजी एकूण तासांची मोजणी स्वीकारावी, म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या लहान अभ्यासवर्गांना स्थान मिळेल. दुसरी, प्रशिक्षणानंतर एका सत्राने अध्यापकाने विभागासमोर दोन गोष्टी ठेवाव्यात : वर्गात काय बदलले आणि त्यातून विद्यार्थ्यांनी काय लिहिले वा केले. तिसरी, तासिका तत्त्वावरील अध्यापकांना प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन मिळावे. चौथी, ऑनलाइन वर्ग चालू ठेवावेत, पण सेवाकाळात किमान एक वर्ग निवासी असावा आणि त्या काळात पर्यायी अध्यापकाची सोय व्हावी. अकराव्या योजनेच्या काळात (२००७-१२) संशोधनासाठी जाणाऱ्या अध्यापकांच्या बाबतीत आयोगाने अशी सोय केलेली होती. यांतील दुसरी अपेक्षा शासनाच्या परवानगीवाचून, येत्या सत्रापासून कोणत्याही विभागात सुरू करता येण्यासारखी आहे.

समारोप

व्यावसायिक विकासाच्या संधी आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. त्यांची कसोटी मात्र वर्गाबाहेर लावली जाते, हे त्यांचे मुख्य वैगुण्य होय. प्रमाणपत्र नाकारावे असे कोणी म्हणणार नाही. मीही माझी प्रमाणपत्रे जपून ठेवली आहेत. परंतु त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला त्यांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही. पुढच्या तासिकेला मी तिन्ही लेखांचा आशय वर्गात सांगितला आणि ‘हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हते’ असेही सांगितले. त्यानंतर वर्गातील प्रश्न वाढले. मी ब्राह्मीची मुळाक्षरे गिरवीत आहे; कोणत्याही प्रस्तावात त्याची नोंद होणार नाही. पुढील वर्षी नवी तुकडी घेऊन बेडसेला जाईन, तेव्हा दारावरची निदान दोन अक्षरे वाचून दाखविता यावीत, एवढीच इच्छा आहे.