अस्ताना : वास्तूंचा योगार्थ आणि रूढार्थ

शब्दाच्या अर्थाचा विचार करताना भारतीय शास्त्रकारांनी योग आणि रूढी असा एक महत्त्वाचा भेद केला आहे. 'पाचक' या शब्दाचा अर्थ त्याच्या घटकांवरून कळतो. 'कुशल' या शब्दात दर्भ तोडणारा हा घटकार्थ मागे पडला असून निपुण हा अर्थ रूढ झाला आहे. 'पंकज' या शब्दात दोन्ही शक्ती एकत्र येऊन कमळ या एकाच वस्तूचा बोध होतो. जेथे योग आणि रूढी यांत विरोध येतो, तेथे रूढी बलवत्तर ठरते, हेही या शास्त्रकारांनी मान्य केलेले आहे. हा विचार मुळात शब्दाविषयीचा. परंतु ज्या वास्तू काही सांगण्यासाठी म्हणूनच उभारल्या जातात त्यांनाही तो लागू पडतो काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कझाकस्तानची राजधानी अस्ताना हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय. तेथील बहुतेक प्रत्येक प्रमुख इमारत आपले निरुक्त बरोबर घेऊनच उभी आहे. प्रेक्षणीय स्थळांची माहिती देणारे लेखन ते निरुक्त जसेच्या तसे उतरवून घेते आणि त्यालाच इमारतीचा अर्थ समजते. या समजुतीचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(१)

प्रथम नगराच्या नावाचा विचार करणे इष्ट ठरेल. इशिम नदीच्या काठी इ. स. १८३० साली रशियनांनी एक ठाणे वसविले. त्याचे पुढे अक्मोलिन्स्क हे शहर झाले. 'अक' म्हणजे पांढरा आणि 'मोला' म्हणजे थडगे, अशी या नावाची एक फोड केली जाते. 'अक' आणि 'मोल' म्हणजे शुभ्र विपुलता, अर्थात दुधादुभत्याची समृद्धी, अशी दुसरी. १९५४ साली सोव्हिएत शासनाने या गवताळ प्रदेशातील पडीक जमीन लागवडीखाली आणण्याची मोठी मोहीम आरंभिली आणि तिच्या केंद्रस्थानी आलेल्या या शहराचे नाव १९६१ साली त्सेलिनोग्राद, म्हणजे अनांगरित भूमीचे नगर, असे ठेवले. स्वातंत्र्यानंतर १९९२ साली ते अक्मोला झाले. आग्नेयेकडील अल्माटी हे शहर देशाच्या एका कोपऱ्यात, पर्वतांच्या पायथ्याशी व भूकंपप्रवण प्रदेशात असल्याने राजधानी हलविण्याचा ठराव १९९४ साली झाला आणि डिसेंबर १९९७ मध्ये ती अक्मोला येथे आली. मे १९९८ मध्ये शहरास अस्ताना हे नाव मिळाले. मार्च २०१९ मध्ये पायउतार झालेल्या पहिल्या अध्यक्षांच्या नावावरून ते नूरसुलतान झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना झाले.

या नामावलीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्सेलिनोग्राद व नूरसुलतान ही नावे यौगिक आहेत. त्यांपैकी एक धोरण सांगते, दुसरे व्यक्ती सांगते. धोरण संपले वा व्यक्तीची सत्ता गेली की अशा नावाचा आधार जातो. उलट 'अस्ताना' हा कझाक भाषेत राजधानी या अर्थाचा सामान्य शब्द आहे. तो मुळात फारसी. उंबरठा हा त्याचा मूळ अर्थ असून उर्दूत तो 'आस्ताना' या रूपात पीराच्या दर्ग्यासाठीही वापरला जातो. हे नाव देण्यात आले तेव्हा राजधानीला 'राजधानी' असे नाव देण्यात कल्पनेचे दारिद्र्य दिसते, अशी टीका करणे सोपे होते. परंतु जे नाव काहीच सुचवीत नाही, तेच सर्व काही सामावून घेऊ शकते. २०१९ ते २०२२ या तीन वर्षांतही क्रीडासंघांच्या नावांत अस्ताना कायम राहिले, ही गोष्ट बोलकी आहे. नाव बदलण्याचे दोन्ही निर्णय शासनाचेच होते, हे खरे. तथापि दुसऱ्या निर्णयाने रूढीला मान्यता दिली आणि पहिल्याने ती मोडू पाहिली, हा फरक नगण्य नव्हे.

(२)

नव्या राजधानीच्या रचनेसाठी १९९८ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जपानी वास्तुतज्ज्ञ किशो कुरोकावा यांचा आराखडा निवडला गेला. १९६० साली तोक्योत उदयास आलेल्या 'मेटाबोलिझम' या पंथाचे ते एक प्रवर्तक होते. नगर हे यंत्र नसून वाढणारा जीव आहे आणि जुने व नवे यांनी सहजीवन साधले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे अर्थ काळाच्या ओघात घडत जावा, यास त्यांच्या विचारात स्थान होते. पुढे आराखड्यात बदल होत गेले आणि आज पर्यटकास जे दिसते ते मुख्यतः एका सरळ अक्षावर मांडलेले स्मारकांचे संचलन होय. पश्चिमेस खान शातिर, नंतर तेलकंपनीच्या इमारतीची प्रचंड कमान, मध्ये बायतेरेकचा मनोरा, पुढे दोन सोनेरी मनोऱ्यांमधून दिसणारे अध्यक्षांचे निवासस्थान अक ओर्दा आणि नदीपलीकडे शांतता व सलोख्याचा प्रासाद. या अक्षावर उभे राहिले असता सारे एका दृष्टिक्षेपात येते. चालावयास निघाले असता मात्र, विशेषतः पारा शून्याखाली तीस अंशांवर उतरलेला असताना, अंतरे फार वाटतात. दृश्यासाठी रचलेले नगर आणि वावरासाठी रचलेले नगर यांतील भेद येथे पायांना कळतो.

या अक्षाचा मध्यबिंदू असलेला बायतेरेक हा योगार्थाचा सर्वांत स्पष्ट नमुना होय. कझाक दंतकथेतील जीवनवृक्षावर समरुक पक्षी सोन्याचे अंडे घालतो. मनोरा हा तो वृक्ष आणि वरचा २२ मीटर व्यासाचा गोल हे ते अंडे. समरुक हा फारशी परंपरेतील सीमुर्ग असून त्या नावाचा पूर्वार्ध अवेस्तातील 'सएन' व संस्कृतातील 'श्येन' या शब्दांशी जुळतो. येथवर ही कल्पना परंपरेत मुरलेली आहे. परंतु मनोऱ्याची एकूण उंची १०५ मीटर असली तरी प्रेक्षकांची गच्ची ९७ मीटरवर आहे आणि ती राजधानीच्या स्थलांतराचे वर्ष दर्शविते, असे सांगितले जाते. तद्वतच २००९ साली उभारलेल्या 'कझाक येली' या स्मारकस्तंभाची उंची ९१ मीटर असून ती स्वातंत्र्याचे वर्ष दर्शविते. या संकेताचे मूल्यमापन कसे करावे? उंची डोळ्यांना दिसते, आकडा दिसत नाही. आपल्याकडील शिलालेखांत भूतसंख्येने वर्ष सांगताना 'नेत्र' म्हणजे दोन, 'वेद' म्हणजे चार, हा संकेत लेखक व वाचक या दोघांना ठाऊक असे. येथे मात्र संकेत फक्त रचनाकारास ठाऊक आहे. फुटांनी मोजणाऱ्यास तर ९७ हा आकडा सापडणारच नाही. म्हणजे हा अर्थ वास्तूत नसून तिच्या शेजारच्या फलकावर आहे. फलक काढून घेतला की अर्थही जातो.

याच मनोऱ्यात पहिल्या अध्यक्षांच्या पंजाचा ठसा ठेवण्यात आला. त्याचा अभिप्रेत अर्थ राज्यसंस्थापकाचे स्मरण हा असणार. आलेल्या लोकांनी मात्र त्यात हात ठेवून मनातली इच्छा मागण्याची चाल पाडली. योगार्थाच्या जागी रूढार्थ कसा शिरतो, याचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही.

(३)

वास्तूंच्या नावांत भटक्या पशुपालकांच्या जीवनातील शब्दसंपत्ती विपुल आहे. 'ओर्दा' म्हणजे खानाची छावणी; 'उर्दू' हे भाषेचे नाव याच शब्दातून आले. 'शातिर' म्हणजे तंबू; हा शब्द फारसी 'चत्र' या मार्गाने संस्कृत 'छत्र' शब्दापर्यंत नेला जातो. हलत्या वस्तूंची नावे अचल वास्तूंना दिली आहेत, हे उघड आहे, आणि येवढ्यावरून त्यांस ढोंगी म्हणणारे टीकाकारही आढळतील. परंतु हा निर्णय सरसकट देता येत नाही. अक ओर्दा ही घुमट व स्तंभ असलेली अभिजात वळणाची इमारत आहे. छावणी तिच्या नावातच आहे, रूपात वा कार्यात नाही. खान शातिरचे तसे नाही. नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने रचलेली ही वास्तू २०१० साली खुली झाली. तिची उंची १५० मीटर आहे. मध्यवर्ती आधारापासून लोखंडी दोरांचे जाळे ताणून त्यावर हवा भरलेल्या तीन पदरी पारदर्शक आवरणाच्या उशा बसविल्या आहेत. हिवाळ्यात उजेड आत येतो, थंडी बाहेर राहते, आणि दुकानांबरोबरच आत वाळूचा किनाराही आहे. ताणलेल्या आवरणाखाली ऊब राखणे हेच तंबूचे कार्य, आणि ते ही वास्तू खरोखर करते. येथे नाव, रूप व कार्य एकत्र आल्याने तिला योगरूढ म्हणावयास हरकत नाही. तिच्यात काय विकले जाते यावर आक्षेप घेता येईल. पण तो वास्तुकलेवरचा आक्षेप होणार नाही.

त्याच संस्थेचा शांतता व सलोख्याचा प्रासाद अधिक अवघड प्रश्न उभा करतो. जगातील धर्मनेत्यांच्या परिषदेसाठी २००६ साली हा सुमारे ६२ मीटर उंचीचा व तेवढ्याच रुंदीच्या पायाचा पिरॅमिड बांधण्यात आला. तळाशी संगीतनाट्यगृह आहे आणि शिखराशी ब्रायन क्लार्क यांनी रंगीत काचेत साकारलेली १३० कबुतरे देशातील लोकसमूहांची निदर्शक आहेत. आज जिवंत असलेल्या कोणत्याही एका धर्माचे हे रूप नसल्याने ते सर्वांना चालावे, हा विचार समजण्यासारखा आहे. परंतु आकार कितीही तटस्थ मानला तरी त्याला पूर्वेतिहास असतो. पिरॅमिड म्हटले की जगभरच्या मनात थडगेच येते. ज्या नगराच्या जुन्या नावातून शुभ्र थडगे हा अर्थ निघे, त्याच नगराने तो आकार सलोख्यासाठी निवडावा, हा विरोधाभास रचनाकारास अभिप्रेत नव्हता. अर्थावर रचनाकाराची मालकी नसते, हेच त्यावरून सिद्ध होते.

(४)

अधिकृत निरुक्ताच्या शेजारी रहिवाशांनी आपला एक कोश तयार केला आहे. बायतेरेकला ते काडीवरच्या गोळीच्या नावाने 'चुपा-चुप्स' म्हणतात. परिवहन मंत्रालयासाठी बांधलेल्या उंच इमारतीस तिच्या आकारावरून 'झझिगाल्का', म्हणजे सिगारेट पेटविण्याचा लाइटर, हे नाव पडले. २००६ साली तिच्या वरच्या भागास खरोखरच आग लागली, तेव्हा हे नाव अधिकच पक्के झाले. या टोपणनावांकडे केवळ थट्टा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. अधिकृत नावे कझाक आहेत आणि ही नावे रशियन बोलीत तयार झाली आहेत. द्विभाषिक नगराचा दैनंदिन व्यवहार त्यांत उमटला आहे. दंतकथेतील अंडे आणि काडीवरची गोळी या दोन्ही कल्पना साम्यावरच आधारलेल्या आहेत. फरक येवढाच की, पहिले साम्य सांगावे लागते आणि दुसरे दिसते. किंबहुना टोपणनाव ही रहिवाशांनी केलेली वास्तुसमीक्षाच होय, आणि ज्या वस्तूस लोक टोपणनाव देतात ती त्यांनी आपली मानलेली असते. 'कृत्रिम नगर' हा शिक्का मारून मोकळे होणारे परदेशी टीकाकार ही गोष्ट ध्यानात घेत नाहीत. २०१७ साली ज्या शहराची वस्ती १० लाखांवर गेली, ते केवळ देखावा राहिलेले नाही.

(५)

प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नदीच्या उजव्या तीरावरील जुन्या शहराला दुय्यम स्थान मिळते. १९६३ साली उघडलेला, पडीक जमिनीवर राबणाऱ्यांच्या नावाचा सांस्कृतिक प्रासाद पुढे रूप बदलून सभागृह झाला. यापेक्षाही महत्त्वाचे स्थळ शहराबाहेर, पश्चिमेस सुमारे चाळीस किलोमीटरवर अक्मोल या गावी आहे. येथे १९३८ पासून १९५३ पर्यंत 'मातृभूमीच्या द्रोह्यांच्या पत्नीं'साठी बंदिछावणी होती. पतीवर आरोप झाला येवढाच या स्त्रियांचा अपराध. छावणीचे सरकारी नाव क्रमांकाचे होते. रशियन शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलेले 'आल्झीर' हे नाव अधिकृत नव्हते. रशियन भाषेत तो अल्जीरिया या उष्ण देशाच्या नावाशी समोच्चारी शब्द आहे. बर्फाळ मैदानातील छावणीला हे नाव पडले, त्यातील उपरोध विशद करण्याची आवश्यकता नाही. २००७ साली तेथे स्मारक-संग्रहालय उभारले गेले तेव्हा सरकारी क्रमांक बाजूला राहिला आणि हेच नाव दारावर आले.

या एका उदाहरणात सर्व विवेचनाचे सार आहे. राजधानीच्या अक्षावरील वास्तू आपला अर्थ आधी जाहीर करतात आणि अनुभव मागाहून यावा अशी अपेक्षा धरतात. आल्झीरच्या बाबतीत अनुभव आधी आला, नाव त्यातून निघाले आणि शासनाने ते मागाहून स्वीकारले. म्हणून तेथे अर्थ सांगण्यास फलकाची गरज पडत नाही. यावरून नव्या राजधानीची वास्तुकला व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. रूढी घडण्यासाठी वस्तू आधी असावी लागते, आणि ती वस्तू शासनाने मोठ्या खर्चाने व काही ठिकाणी उत्तम कारागिरीने निर्माण केली आहे. तिचा अर्थ ठरविण्याचा अधिकार तेवढा त्याच्याकडे राहिलेला नाही. अभ्यासकाने अस्ताना पाहावयास जाताना फलक वाचावेत. पण ते वाचून झाल्यावर त्या वास्तूंना तेथील लोक काय म्हणतात आणि त्यांत काय करतात, हेही टिपून घ्यावे. नगराचा कोश त्या दोन्ही नोंदींवाचून पुरा होत नाही.