अमेरिकेचा 1949 चा गृहनिर्माण कायदा : संख्येचा वाद आणि वगळलेला प्रश्न

प्रास्ताविक

1929 नंतरची महामंदी आणि दुसरे महायुद्ध यांमुळे अमेरिकेतील घरबांधणी दीर्घकाळ मंदावली होती. युद्धानंतर लक्षावधी सैनिक परतले आणि घरांच्या टंचाईने उग्र रूप धारण केले. घरबांधणीची जबाबदारी संघ सरकारने कितपत स्वीकारावी, हा वाद 1945 ते 1949 या काळात अमेरिकन काँग्रेसमध्ये गाजला. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी 15 जुलै 1949 रोजी स्वाक्षरी केलेला गृहनिर्माण कायदा हे त्या वादाचे फलित होय. प्रत्येक अमेरिकन कुटुंबास चांगले घर व राहण्यायोग्य परिसर मिळावा, असे राष्ट्रीय उद्दिष्ट त्यात नमूद झाले. सहा वर्षांत 8 लाख 10 हजार सार्वजनिक घरे बांधण्यास मान्यता देण्यात आली. या कायद्याचे मूल्यमापन बहुधा बांधलेल्या घरांच्या संख्येवरून केले जाते. तथापि त्याच्या मर्यादांचे मूळ मुख्यतः त्या वादातच आढळते. घरे किती, हे काँग्रेसने ठरविले. ती कोठे आणि कोणासाठी, हा प्रश्न तिने बाजूस ठेवला.

वादाचे स्वरूप

हा वाद डावे विरुद्ध उजवे असा सरळ नव्हता. मूळ विधेयकाच्या तीन पुरस्कर्त्यांपैकी रॉबर्ट वॅग्नर हे न्यूयॉर्कचे उदारमतवादी डेमोक्रॅट होते, तर ॲलन एलेंडर हे लुइझियानाचे आणि वांशिक विलगीकरणाचे समर्थक. तिसरे रॉबर्ट टाफ्ट हे रिपब्लिकन पक्षातील पुराणमतवाद्यांचे अग्रणी. खाजगी उद्योग अत्यल्प उत्पन्न गटासाठी घरे बांधू शकत नाही, म्हणून तेवढ्यापुरता शासनाचा हस्तक्षेप आवश्यक आहे, अशी टाफ्ट यांची भूमिका होती. उलट, स्थावर मालमत्ता व्यावसायिकांच्या संघटनांनी विधेयकावर समाजवादाचा शिक्का मारला. सिनेटने 1946 आणि 1948 मध्ये संमत केलेले विधेयक प्रतिनिधिगृहात अडले. 1948 च्या निवडणुकीत ट्रुमन यांनी हाच प्रचाराचा मुद्दा केला. 1949 मध्येही सार्वजनिक घरांची तरतूद वगळण्याची सूचना प्रतिनिधिगृहात अवघ्या पाच मतांनी फेटाळली गेली.

दुरुस्तीचा पेच

या वादातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग सिनेटमध्ये घडला. जॉन ब्रिकर आणि हॅरी केन या रिपब्लिकन सदस्यांनी सार्वजनिक घरांमध्ये वांशिक विलगीकरणास बंदी घालणारी दुरुस्ती मांडली. हे दोघेही मूळ योजनेचे विरोधक होते. दुरुस्ती संमत झाली असती, तर दक्षिणेकडील डेमोक्रॅट सदस्यांनी विधेयकाचा पाठिंबा काढून घेतला असता, हे उघड होते. न्याय्य तत्त्वाचा उपयोग विधेयक बुडविण्यासाठी होत होता. परिणामी नागरी हक्कांचे कैवारी पॉल डग्लस आणि ह्यूबर्ट हम्फ्री यांना तत्त्वतः मान्य असलेल्या दुरुस्तीविरुद्ध मत द्यावे लागले. घरे मिळण्यातच कृष्णवर्णीयांचे हित आहे, असा डग्लस यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद सहज झिडकारता येत नाही. दुरुस्ती स्वीकारून कोणालाच घर मिळाले नसते. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले होते : घरे आधी बांधावीत, समता मागाहून आणता येईल. घर ही अन्य वस्तूंसारखी हलविता येणारी वस्तू नव्हे. वस्ती एकदा वसली की शाळा, रोजगार आणि शेजार तिच्यासोबत ठरून जातात. संघ सरकारच्या साहाय्याने उभ्या राहणाऱ्या घरांतील भेदभावास प्रतिबंध करणारा अध्यक्षीय आदेश 1962 मध्ये निघाला आणि न्याय्य गृहनिर्माण कायदा 1968 मध्ये झाला. तोपर्यंत अनेक वसाहतींच्या जागा ठरून गेल्या होत्या.

अंमलबजावणीतील परिणाम

जागानिवडीचा अधिकार स्थानिक संस्थांकडे राहिल्याने स्थानिक पूर्वग्रहांना मोकळे रान मिळाले. सेंट लुइस येथील प्रुइट-आयगो वसाहतीचा एक भाग कृष्णवर्णीयांसाठी आणि दुसरा श्वेतवर्णीयांसाठी योजिला होता. न्यायालयाने विलगीकरण रद्द केल्यावर श्वेतवर्णीय कुटुंबे निघून गेली. देखभालीचा खर्च भाड्यातूनच भागवायचा असल्याने गरीब भाडेकरूंच्या या वसाहतीची दुरवस्था झाली. अकरा मजली 33 इमारतींचे पाडकाम 1972 मध्ये सुरू झाले. लॉस एंजेलिसमधील चावेझ रव्हीन येथे सार्वजनिक घरांसाठी मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना हटविण्यात आले. पुढे योजनाच रद्द झाली आणि त्या परिसरात 1962 मध्ये बेसबॉलचे क्रीडांगण खुले झाले. गलिच्छ वस्ती निर्मूलनाच्या तरतुदीखाली जितकी घरे पाडली गेली, त्या मानाने फारच थोडी नव्याने बांधली गेली. सहा वर्षांचे उद्दिष्ट गाठण्यास सुमारे दोन दशके लागली. याचे एक कारण असे की, कायद्याने संख्या ठरविली तरी निधी मात्र दरवर्षीच्या मंजुरीवर अवलंबून ठेवला होता.

समारोप

1998 च्या फेअरक्लॉथ दुरुस्तीने सार्वजनिक घरांच्या संख्येवरच मर्यादा घातली. जुलै 2025 मध्ये टिम स्कॉट आणि एलिझाबेथ वॉरन या परस्परविरोधी विचारांच्या सदस्यांनी पुरस्कारलेले गृहनिर्माण विधेयक सिनेटच्या संबंधित समितीने 24 विरुद्ध 0 मतांनी संमत केले. त्याचा भर नियमांचे अडथळे कमी करून पुरवठा वाढविण्यावर होता. झोनिंगच्या नियमांकडे लक्ष वेधून या नव्या सहमतीने ‘कोठे’ हा प्रश्न निदान पुन्हा चर्चेत आणला, हे मान्य करावे लागते. मात्र बाजार ज्यांच्यासाठी घर बांधत नाही त्यांचे काय, हा टाफ्ट यांचा प्रश्न केवळ पुरवठ्याच्या भाषेत सुटत नाही. व्यापक सहमती बहुधा संख्येवर होते, कारण संख्येला शेजारी नसतो. घराला तो असतो. म्हणूनच गृहनिर्माणाच्या कोणत्याही विधेयकाची परीक्षा त्यातील आकड्याइतकीच, सहमतीसाठी त्यातून काय वगळले गेले यावरून व्हावयास हवी.