ऐतिहासिक वस्तूंचे संकलन आणि जतन : एक चिकित्सा

प्रस्तावना

ऐतिहासिक साधनांचे संकलन हा मराठी अभ्यासकांच्या अभिमानाचा विषय आहे. परंतु संकलन कसे झाले आणि त्यात काय राहून गेले, याची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात दोन प्रसिद्ध संग्रहांच्या पद्धतींचा विचार केला असून, सुरतजवळील इच्छापोरसारख्या ठिकाणी कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकांना त्यातून काय घेता येईल, हे पाहिले आहे.

दोन परंपरा

वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरे मिळवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पुढे एकूण २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. दुसरी परंपरा दिनकर केळकर यांची. त्यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये अशा घरगुती वस्तू जमवण्यास प्रारंभ केला. बालवयात वारलेल्या राजा या मुलाच्या नावाने उभा राहिलेला हा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला. त्यात २०,००० हून अधिक वस्तू आहेत.

चिकित्सा

राजवाडे यांच्या पद्धतीचे बळ म्हणजे नोंद. पत्र कोणी, कोणाला, कधी लिहिले हे ते तपासत. मर्यादा अशी की कागद मुख्यतः लिहिणाऱ्यांचाच इतिहास सांगतो. केळकर यांनी स्वयंपाकघर आणि माजघर यांना इतिहासात स्थान दिले, हे त्यांचे मोठे कार्य. पण काचेच्या कपाटातील अडकित्त्याची कारागिरी दिसते. तो कोणत्या घरात, कोणाच्या हातात होता, हे वस्तू स्वतः सांगू शकत नाही. एकीकडे नोंद आहे, वस्तू नाही. दुसरीकडे वस्तू आहे, तिचा वृत्तान्त अपुरा. भाषेचा प्रश्नही आहेच. मोडीबरोबर फारसी वाचल्याशिवाय मराठ्यांचा इतिहास पुरा होत नाही, हे ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ संपादित करून दाखवून दिले.

सुरतेचा संदर्भ

मराठी वाचकाला सुरत १६६४ आणि १६७० या सनांमुळे ठाऊक असते. सुरतेत सोळाव्या शतकातील किल्ला आहे, १६४४ ची मुघल सराई महानगरपालिकेच्या कार्यालयाच्या रूपाने उभी आहे, आणि १८९० मध्ये स्थापन झालेले संग्रहालयही आहे. ही सत्ताधारी आणि व्यापारी यांची स्मारके होत. खानदेशातून येऊन यंत्रमाग आणि साड्यांच्या कारखान्यांत राबलेल्या मराठी कुटुंबांचा, किंवा रांदेरहून रंगूनला व्यापारास गेलेल्या मुस्लिम घराण्यांचा वृत्तान्त मुख्यतः घरोघरीच्या पेट्यांत आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी पेटीतील निकाहनामे, पगारपत्रके, शाळेचे दाखले आणि फोटो यांची दुसरी प्रत कोठेही नसते. हजिरा औद्योगिक पट्ट्यालगतच्या इच्छापोरमध्ये जमिनीचा वापर झपाट्याने बदलला. तेथे जुने घर पाडताना पेटीही भंगारात जाण्याचा धोका आहे.

अध्यापकांचे कार्य

महाविद्यालयाने प्रथम वस्तू नव्हे, नोंदवही जमवावी. वस्तूचे नाव घरातील माणसे ज्या बोलीत घेतात त्याच बोलीत लिहावे : अहिराणी, गुजराती, उर्दू, जे असेल ते. मालकाचे नाव त्याच्या संमतीनेच नोंदवावे. वस्तू घरीच राहू द्यावी. फोटो आणि नक्कल आपल्याकडे ठेवावी. जुन्या कागदाला लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी कदापि करू नये; ती काढताना कागद फाटतो. सुती कापडाच्या बासनात, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार सर्वसाधारणपणे १०० वर्षांची वस्तू आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेले ७५ वर्षांचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

निष्कर्ष

संग्रहाचे मोल वस्तूंच्या संख्येवर ठरत नाही. ज्या वस्तूमागे माणूस, गाव आणि साल यांची नोंद नाही, ती शोभेची होते. राजवाडे यांची नोंद आणि केळकर यांची वस्तू एकत्र आणण्याचे काम विद्यार्थी आपल्याच घरापासून सुरू करू शकतो. त्याला मोठ्या निधीची नव्हे, एका वहीची आणि अध्यापकाच्या चिकाटीची गरज आहे. पुढचा पूर या कामाची वाट पाहणार नाही.